काका, गुडघे वाकवा! नाशिकहून स्केटिंग रिंकवर पहिल्यांदा जाताना

मुलीला क्लासला सोडायचं, कठड्यावर बसून चहा प्यायचा आणि तासाभराने तिला घेऊन घरी यायचं, एवढाच माझा स्केटिंगशी संबंध होता. एका रविवारी सरांनी जास्तीचा एक जोड माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "बघा घालून." मी घातला, कठडा धरून उठलो, कठडा सोडला आणि पुढच्या क्षणी आभाळ बघत होतो. दुसरीतला एक पोरगा शेजारून गेला, जाता जाता म्हणाला, "काका, गुडघे वाकवा." त्यानंतर मी जिथे जिथे पडलो तिथे कुणी ना कुणी मला हेच सांगितलं आहे. सिमल्याला हिंदीत सांगितलं, एवढाच फरक.

तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो. हा लेख त्या कठड्यावर बसलेल्यांसाठी आहे. पोरांना घालायचं आहे पण कुठून सुरुवात करावी कळत नाही असे आईबाप, स्वतःलाच हौस आहे पण लाज वाटते असे काकू-काका, आणि हिवाळ्यात सिमल्याला जाऊन बर्फावर स्केटिंग करू म्हणणारे. या शेवटच्यांना हात जोडून विनंती: आधी इथे चाकांवर शिका. नाहीतर एवढा प्रवास करून तिथलं सगळं सेशन कठड्याला मिठी मारून काढाल.

पहिली पायरी: नुसतं बघायला जा

रिंक म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते काचेसारखं गुळगुळीत, दिव्यांनी लखलखणारं काहीतरी. नाशिकमध्ये क्लास भरतात ते बहुतेक शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर, मोठ्या सोसायटीच्या आवारात, नाहीतर कोबा केलेल्या एखाद्या मोकळ्या जागेवर. यात नाराज होण्यासारखं काही नाही, सुरुवातीला एवढं पुरतं. शाळेत विचारा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला पाठीवर हेल्मेट लटकवलेलं पोर दिसलं की त्याच्या आईला विचारा.

पत्ता मिळाला की पैसे न भरता एक पूर्ण संध्याकाळ नुसते बसून बघा. पोरं नंतर बघा, आधी जमीन बघा. तळहात फिरवा. हाताला खरखर लागली तर पडल्यावर गुडघ्याचं काय होईल ते समजलं. कोब्याच्या दोन पट्ट्यांमधली फट किती रुंद आहे ते पाहा. करंगळी आत जात असेल तर लहान चाकही अडकणार. वाळू, बारीक खडी, झाडाच्या काटक्या रोज कोण झाडतं? मी खिशात एक गोटी ठेवतो. ती जमिनीवर सोडायची. पाणी जायला दिलेला थोडासा उतार प्रत्येक मैदानाला असतो, पण गोटी सुसाट सुटली तर नवख्याने त्या कोपऱ्यात जाऊ नये. आणि पालकांच्या स्कूटर नेमक्या कुठून आत येतात तेही बघून ठेवा. एका ठिकाणी मी बघितलं, रिंकचं दार आणि पार्किंगचं दार एकच. तिथून परत फिरलो.

मग सरांकडे वळा. एकच प्रश्न विचारा: "पडायला कधी शिकवता?" जे "पहिल्याच दिवशी" म्हणतात त्यांच्याकडे नाव घाला. जे "अहो, आमच्याकडे कोणी पडतच नाही" म्हणतात त्यांना नमस्कार करा. नवख्यांची आणि शर्यतीचा सराव करणाऱ्यांची वेळ किंवा जागा वेगळी आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हेही विचारा. आणि पावसाळ्याचं काय ते विसरू नका. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टवर महिन्यातले निम्मे दिवस सुट्टीच. ओल्या जमिनीवर चाक घसरतं आणि बेअरिंगला गंज चढतो. त्या महिन्यांची फी कशी घेतात हे आधी विचारलं की नंतर वाद होत नाहीत.

सुरू करायला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाशिकची थंडी, कोरडी जमीन, आणि हेल्मेटखाली घाम येत नाही.

दुसरी पायरी: विकत घेऊ नका, निदान महिनाभर

मी चूक केली ती इथे. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने एका दुकानातून चकचकीत, मागेपुढे सरकवून तीन मापांत बसणारे प्लॅस्टिकचे स्केट घेतले. दुकानदार म्हणाला, पोरगी दहावीला जाईपर्यंत चालतील. दुसऱ्या दिवशी पट्टा तुटला. क्लासमध्ये सहसा जुने जोड असतात, मोठ्या झालेल्या पोरांचे पडून असतात. ते वापरा. महिन्याने पोरगं टिकलं तर घ्या.

घेताना पहिला प्रश्न, क्वाड की इनलाइन? क्वाड म्हणजे गाडीसारखी पुढे दोन, मागे दोन चाकं. इनलाइन म्हणजे सगळी चाकं एका रांगेत. क्वाडवर उभं राहणं सोपं, पाया रुंद असतो. इनलाइनवर पहिले दोन आठवडे घोटे आत कलतात, पण खडबडीत जागेवर ते बरं चालतात. आणि पुढे बर्फावर जायचं मनात असेल तर इनलाइनच घ्या, कारण बर्फाच्या पात्यावर तोल असाच एका रेषेत सांभाळावा लागतो. स्पर्धांमध्ये दोघांचे गट वेगळे असतात, त्यामुळे पोराला शर्यती खेळायच्या असतील तर सरांना विचारून ठरवा.

चाकावर दोन आकडे छापलेले असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये. शिकणाऱ्यांच्या इनलाइनची चाकं साधारण ७२ ते ८४ मिमी, शर्यतीची ११० मिमीच्या घरात. मोठं चाक म्हणजे जास्त वेग आणि जास्त उंची, नवख्याला दोन्ही नकोत. दुसरा आकडा कडकपणाचा, त्यापुढे 'ए' असतं. ७८ए ते ८५ए मऊ, आपल्या कोब्याला आणि डांबराला योग्य. नव्वदच्या वरची कडक चाकं लाकडी किंवा अगदी गुळगुळीत जमिनीसाठी. ती आपल्या कोर्टवर घातली तर दात वाजतात. दुकानदार चाक बोटाने फिरवून दाखवेल, "बघा किती वेळ फिरतं!" हवेत सगळीच फिरतात. अंगाचं वजन पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं.

माप बघायची रीत अशी. एकच पातळ मोजा घाला, लेस बांधा, ताठ उभे राहा: अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. आता गुडघे वाकवा: अंगठा सुटला पाहिजे आणि टाच जागची हलता कामा नये. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. "वाढत्या पायाचं" म्हणून दोन नंबर मोठे घेणारे आईबाप मी रोज बघतो. पोरगं घोट्यात लचकतं आणि मग "तिला आवडलंच नाही" म्हणून स्केट माळ्यावर जातात.

हेल्मेट, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड हे सगळे घेतात. मनगटाचा गार्ड मात्र वगळतात, आणि मोठ्या माणसाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच. आपण पडताना हात टेकवतोच, मेंदूला विचारून नाही टेकवत. पडल्यावर मनगट सुजलं, मूठ वळेना, तर चोळत बसू नका, मुका मार म्हणून सोडूही नका. एक्स-रे काढा.

तिसरी पायरी: पहिला तास गवतावर

होय, गवतावर, नाहीतर घरी जुन्या सतरंजीवर. चाकं फिरत नाहीत अशा जागी स्केट घालून उभं राहायचं. टाचा जवळ, चवडे बाहेर. गुडघे इतके वाकवा की खाली बघितलं तर लेस दिसू नये, गुडघ्याने झाकली जावी. वजन चवड्याच्या मागच्या गादीवर. मोठी माणसं घाबरली की ताठ होतात आणि मागे झुकतात. मागे झुकलं की पाय पुढे पळतात, आणि मग आभाळ दिसतं. पोरं घाबरली की उकिडवी बसतात, म्हणून त्यांना कमी लागतं.

आता मुद्दाम पडा. तोल गेल्याची जाणीव झाली की आणखी खाली बसा आणि पुढे, पॅडवर: आधी गुडघे, मग कोपर, मग तळवे, बोटं जमिनीपासून वर उचललेली. मागे जायचंच असेल तर सरळ माकडहाडावर न जाता एका कुल्ल्यावर कलंडा. दहा वेळा पडा. पाचव्या वेळेनंतर भीती निम्मी होते, दहाव्या वेळी हसू येतं. उठताना दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाय पुढे उभा करा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर ठेवा आणि दाब देऊन वर या. कुणाचा हात धरून उठू नका, तोही तुमच्यावर येतो. मी सरांना एकदा असाच घेऊन पडलो आहे.

मग जमिनीवर बदकाची चाल. चवडे बाहेर, छोटी छोटी पावलं, पुढे ढकलायचं नाही, नुसतं वजन या पायावरून त्या पायावर. पाचसहा पावलांनंतर चाकं आपोआप थोडी वाहतात. त्या क्षणी खाली बघायचा मोह होतो. बघू नका. नजर जिथे जायचं तिथे. स्कूटर शिकताना खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यातच गेलो होतो ना, तसंच हे.

थांबणं याच दिवशी शिका, वेग यायच्या आधी. क्वाडला पुढे रबराचा टो-स्टॉपर असतो, इनलाइनला बहुधा उजव्या टाचेमागे ब्रेक. पण त्यावर विसंबू नका. पाय फाकवून चवडे आत वळवायचे, टाचा बाहेर दाबायच्या आणि खाली बसायचं, हा थांबा शिका. तो चाकांवरही चालतो आणि बर्फावरही. सरांनी मला दोन आठवडे फक्त हेच करायला लावलं. तेव्हा राग आला होता.

रिंकवरची रीतभात थोडक्यात: सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तुम्हीही तसेच फिरा. आत शिरताना रस्ता ओलांडताना बघतो तसं बघा. वेगवान पोरांची रेघ आतल्या वळणाला लागून असते, ती कापू नका. मध्येच थांबून फोटो काढू नका. पडलात तर मुठी मिटा, बोटांवरून चाक जातं. ओढणी, गळ्यातली चेन, लोंबणाऱ्या दोऱ्या घरी. कठड्यावर बसून पाणी प्या, पण सांडू नका.

आणि रस्ता नको. आपलं गाव सह्याद्रीच्या कुशीत आहे, इथे सपाट वाटणारा रस्ताही सपाट नसतो. इंदिरानगरमधल्या आमच्या गल्लीचा उतार वीस वर्षांत स्कूटरवर कधी कळला नव्हता. स्केट घातल्यावर तीस पावलांत कळला. शेवटी मी एका उभ्या टेम्पोला मिठी मारून थांबलो. भाजीवाल्या मावशी अजून विचारतात, "आज चाकं नाही का?"

चौथी पायरी: बर्फाचं तिकीट कधी काढायचं

माझी कसोटी सांगतो. कशालाही न शिवता दहा फेऱ्या, आखलेल्या रेघेवर थांबणं, आणि प्रत्येक पायावर तीन-तीन सेकंद एका पायाने घसरणं. हे जमलं की निघा. मला आठ महिने लागले, मुलीला अडीच.

महाराष्ट्रात मोठ्या मॉलमध्ये कधीमधी 'आइस स्केटिंग' लागतं, त्यातलं बरंचसं प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांवरचं असतं. पात्याचा सराव होतो, पण घसरण कमी आणि मजाही कमी. खऱ्या बर्फासाठी मी तरी हिमालयच म्हणेन.

डेहराडूनला बंदिस्त रिंक आहे, २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेली. ती बरीच वर्षं बंद पडून होती, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची, म्हणजे बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतींची, आशियाई स्पर्धा झाली. छताखालची असल्यामुळे हवामानाची कटकट नाही. मात्र सर्वसामान्यांसाठी कोणत्या वेळा आहेत ते फोनवर विचारूनच निघा. लेहला हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं त्यावर आइस हॉकी खेळतात. बघायला जरूर जा, पण लेह ३५०० मीटरवर आहे. पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम. दम लागत असताना स्केटिंग हा वेडेपणा आहे.

माझं मन सिमल्यावर. लक्कड बाजाराच्या खाली ही उघड्यावरची रिंक आहे. ब्लेसिंग्टन नावाच्या एका आयरिश अधिकाऱ्याने १९२० साली सुरू केलेली. टेनिस कोर्टवर सांडलेलं पाणी रात्रीत गोठलेलं बघून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. तिथला बर्फ अजूनही त्याच पद्धतीने होतो: संध्याकाळी पाणी मारायचं आणि बाकी रात्रीवर सोडायचं. हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, सेशन सकाळी आणि संध्याकाळी, स्केट तिथेच भाड्याने मिळतात.

पण रात्र निरभ्र हवी. हे आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. निफाडचा पारा पाचच्या खाली जातो तो आकाश स्वच्छ असलेल्या रात्रीच. जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढग आले की तेच पांघरुणासारखे ऊब धरून ठेवतात, पारा चढतो, आणि बागायतदार थंडी सोडून डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशी रोगाची काळजी करू लागतो. सिमल्यात अशा ढगाळ रात्री बर्फ धरत नाही आणि सकाळचं सेशन रद्द होतं. बर्फ पडला तरी रद्द, कारण भुसभुशीत बर्फ हा स्केटिंगचा बर्फ नव्हे. म्हणजे ज्या बर्फवृष्टीसाठी पर्यटक देवाला साकडं घालतात, तिलाच स्केटिंगवाले शिव्या घालतात. आमचे पहिले दोन दिवस ढगांनी खाल्ले. म्हणून सिमल्याला किमान चार रात्री ठेवा आणि पहिल्या सकाळपासून रिंकवर चक्कर मारा, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

जायची वाट: नाशिकरोडहून दिल्ली, दिल्लीहून कालका, आणि तिथून छोटी गाडी. ९६ किलोमीटर, १९०३ पासून चालू, पाचेक तास घेते. कसाऱ्याचे बोगदे मोजत मोठे झालेल्यांनी इथे मोजायला बसू नये, शंभराच्या वर आहेत. सामानात स्वतःचे गार्ड, हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे पातळ मोजे तीन जोड, आणि पाण्याने न भिजणारे हातमोजे. लोकरीचे हातमोजे दुसऱ्या पडण्यात ओले होतात.

पाचवी पायरी: बर्फावरचा पहिला तास

भाड्याचा बूट हातात घेतला की आधी पातं बघा. पात्याच्या तळाला बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा. नखाची कड धारेवर हलकेच आडवी घासा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नाही निघाला तर जोड बदलून मागा, संकोच करू नका. बोथट पात्यावर चांगला स्केटरही नवखा दिसतो. लेस घोट्याशी घट्ट, वर थोडी सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. बूट घालून सिमेंटवर चालू नका, रबरी चटईवरूनच जा.

चाकांवर शिकलेलं जवळपास सगळं इथे चालतं: बदकाची चाल, वजन या पायावरून त्या पायावर, नजर पुढे. दगा देतं ते थांबणं. टाचेमागे ब्रेक नाही. आणि पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दात असतात, ते उड्या मारणाऱ्यांसाठी. क्वाडवर चवडा टेकवून थांबायची सवय असलेला माणूस इथे तोच चवडा टेकवतो, दात बर्फात रुततात, पाय जागीच राहतो आणि उरलेला माणूस पुढे जातो. मी गेलो. हनुवटीला रुमाल लावून कठड्याशी उभा होतो तेव्हा तिथल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी पाठीमागे हात बांधून माझ्याभोवती सावकाश एक गोल घेतला आणि म्हणाले, "घुटने मोड़िए, भाईसाहब."

तर इथे थांबायचं ते चवडे आत, टाचा बाहेर, बर्फ खरवडत. बर्फाचा किस पात्यापुढे साठताना दिसला की समजा, जमलं. पहिली पंधरा मिनिटं कठड्यापासून हातभर अंतरावर राहा, पण कठडा धरू नका; धरला की अंग त्या बाजूला झुकतं. सकाळचं सेशन घ्या. सुरुवातीला बर्फ टणक असतो. शेवटाकडे ऊन चढतं, वर पाण्याचा थर येतो आणि पातं ओरखड्यात अडकू लागतं. पाय थरथरायला लागले की बाहेर या, उरलेल्या पैशांचा हिशोब करू नका. दमल्यावरच्या शेवटच्या दहा मिनिटांत माणसं जास्त पडतात.

परत आल्यावर आठवडाभर चाकं जड वाटली, प्रत्येक फट जाणवली. मुलगी मात्र आता शर्यतीच्या गटात गेली आहे. २०२३ च्या एशियाडमध्ये चाकांवरच्या स्केटिंगमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत ब्राँझ मिळवलं आणि २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार १००० मीटरचा जगज्जेता झाला, तेव्हापासून सरांच्या तोंडी तेच. ती आत फिरते, मी बाहेरच्या रेघेवर.

परवा तो दुसरीतला पोरगा, आता चौथीत आहे, माझ्या बाजूला येऊन थांबला. चवडे आत, टाचा बाहेर, एकदम झकास.

"काका, तिकडे बर्फावर पडलात का?"

"सात वेळा."

त्याने माझ्या पायांकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेला. मी गुडघे आणखी थोडे वाकवले.